अक्का दुधनीला गेली नि यंत्र रुसलं

डोक्याला तेल लावायचं नाही, ही पहिली अट ऐकली तेव्हाच मी उठून चालायला लागले असते, पण तेव्हा मला धड उठता येत नव्हतं. उजव्या अंगावरून वारं गेलेलं. पाय चार महिन्यांत ओढत ओढत का होईना माझं ऐकायला लागला होता. हात मात्र नुसता खांद्याला लटकत होता, दुसऱ्या कुणाचा आणून शिवल्यासारखा. समोर बसलेली इंजिनिअर मॅडम सांगत होती की टोपीतल्या टिकल्या डोक्याच्या कातड्याला नीट टेकल्या पाहिजेत, तेल असलं की त्यांना काही ऐकू येत नाही. मी म्हटलं, "मॅडम, सोलापूरच्या उन्हाळ्यात बिनतेलाचं डोकं म्हणजे चुलीवरचा तवा." ती हसली, पण अट काही सोडली नाही.

यंत्र आमच्या घरी वर्षभर राहणार होतं. थंड खोलीत, भोवती शिकलेली माणसं असताना असली यंत्रं बरी चालतात, असं तिनं सांगितलं. पण साध्या घरात, रोज, वर्षभर चालतात का, हेही कुणीतरी पाहायला हवं. त्यासाठी काही घरं निवडली होती, त्यात आमचं एक. दिवाळी झाल्यावर यंत्र आलं, पुढच्या दिवाळीआधी परत जाणार होतं.

त्यांना यंत्र टिकतं का ते पाहायचं होतं. मला परातीपुढं बसायचं होतं. तेवढ्यासाठी मी टोपीच काय, कळशीसुद्धा डोक्यावर पालथी घालून घेतली असती.

मी आणि अक्का बावीस वर्षं कडक भाकऱ्या करत आलो. ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेजवळ ठेवून पार कडक करायची. महिनाभर टिकते. अक्का माझी सख्खी बहीण नव्हे. ती दुधनीकडची, निम्मं बोलणं कानडी. कानडीत अक्का म्हणजे थोरली बहीण आणि तंगी म्हणजे धाकटी, म्हणून ती अक्का नि मी तंगी. गल्लीत आमची खरी नावं कुणाला ठाऊक असतील असं वाटत नाही. माझ्या स्वयंपाकघरात समोरासमोर दोन पराती, मध्ये पिठाचा डबा. तिची थाप पडली की माझी, माझी पडली की तिची. बोलायची गरज नसायची. भांडणंसुद्धा आम्ही थापूनच करायचो. ती चिडली की थापा जोरात पडायच्या नि भाकरी आणखी पातळ व्हायची, त्यामुळे गिऱ्हाइकं खूश असायची.

मी पडले तेव्हा वाटलं, आता अक्का दुसरी जोडीदारीण बघणार. दोघीजणी विचारायला आल्याही. मी आतल्या खोलीत खाटेवर होते, सगळं ऐकू येत होतं. अक्का त्यांना म्हणाली, "ती जागा रिकामी न्हाय. माणूस जरा आतल्या खोलीत बसलंय." रोज सकाळी ती माझी परातही घासायची, आपल्यासमोर मांडायची, आणि संध्याकाळी कोरडीच्या कोरडी उचलून ठेवायची. मला त्या परातीचा रागही यायचा आणि तिच्याशिवाय चैनही पडायचं नाही.

आता यंत्राचं सांगते. टोपी म्हणजे पोहणाऱ्यांची असते तसली, घट्ट. आत टिकल्या, टिकल्यांखाली चिकट जेल. उजव्या हातावर प्लास्टिकचा एक पंजा, बोटांना पट्टे, मनगटाशी छोटी मोटर. समोर लॅपटॉप. मी हात उघडायचं मनात आणायचं. ते मनात येताच डोक्यात जी विजेची बारीकशी खळबळ होते ती टोपीनं ऐकायची, लॅपटॉपनं ओळखायची आणि पंज्यानं माझी बोटं उघडायची. मनात येणं आणि बोटं उघडणं पुन्हा पुन्हा एकाच वेळी घडलं की बंद पडलेली वाट हळूहळू परत मळते, असं त्यामागचं गणित.

मी विचारलं होतं, "टीव्हीवर दाखवतात ते डोक्याच्या आत तारा घालतात. ते बरं नाही का?" मॅडम म्हणाली, काही ठिकाणी घालतात, आणि आतून फार स्पष्ट ऐकू येतं. पण परकी वस्तू आत गेली की मेंदू तिच्याभोवती घट्टा धरतो, मग वर्षा-दोन वर्षांत ऐकू येणं कमी होऊ शकतं. टोपीला ती भीती नाही. पण तिला भिंतीपलीकडचं बोलणं ऐकावं लागतं, आणि ती जरा सरकली, घाम आला की गोंधळते. घट्ट्याचं नाव निघालं तसा मी माझा तळहात उलटा करून बघितला. बावीस वर्षांचा घट्टा मऊ पडायला लागला होता.

पहिल्या दिवशी यंत्राला माझं डोकं शिकवायचं होतं. पडद्यावर उघड्या हाताचं चित्र आलं की हात उघडण्याचा विचार करायचा, चित्र गेलं की काही करायचं नाही. मॅडमनं स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं की जरा वेळ शांतता मिळेल का. आतून अक्का म्हणाली, "मॅडम, पीठ मळून ठेवलंय. आता थांबलं की भाकरी चिरतीया. तुमी तुमचं करा, मी माझं करते." मॅडमनं लॅपटॉपकडं बघितलं आणि म्हणाली, आवाजाचा टोपीला त्रास नाही, चालू द्या.

हात उघडण्याचा विचार करा म्हणे. जन्मात कुणी असा विचार केलाय का? आपण डबा घेतो, तांब्या धरतो, हात आपला आपण उघडतो. मी डोळे वटारून बोटांकडं बघत बसले, आणि पडद्यावरचं वर्तुळ, टोपीला विचार ऐकू आला की हिरवं होणारं, काही हिरवं होईना. पंधरा मिनिटं गेली. मला राग यायला लागला, आधी यंत्राचा, मग स्वतःचा. आतून अक्काची थाप येत होती. सवयीनं मी मनातल्या मनात माझी थाप घातली. तिची, माझी. तिची, माझी. वर्तुळ हिरवं झालं.

मॅडम खूश. "काकू, आता काय केलंत?"

"तुम्ही सांगितलं तेच," मी म्हटलं.

खोटं बोलले. शाळेत शेजारणीच्या पाटीवर बघून उत्तर लिहावं तसं मला वाटत होतं, आणि सांगितलं तर ती पहिल्यापासून सगळं करायला लावेल अशी भीती होती. चित्र आलं की मी अक्काच्या थापेला उत्तर द्यायची, चित्र गेलं की नुसती ऐकायची. यंत्र तेच शिकलं. मग रोज दहा वाजता अक्का थापायला बसली की आमचे हे मला टोपी चढवायचे, आणि तासभर माझी शिकवणी चालायची.

हे म्हणजे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर जन्म काढलेले जॉबर. माग बिघडला की दुरुस्त करणारा तो जॉबर, आणि जॉबरला जगातलं प्रत्येक यंत्र आपलंच वाटतं. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा आली तोवर पंजा दहातल्या आठ वेळा उघडायला लागला, तेव्हा सगळे आनंदात होते, एक हे सोडले तर. म्हणाले, "नवा माग पहिल्या महिन्यात कुणाचंबी ऐकतो की. जुना झाला की मग बोलायला लागतो." शिवरात्रीला पंजा न लावता माझा अंगठा हलला. अक्कानं तो चिमटीत धरून बघितला, पीठ लागलेल्या हातानंच, आणि "व्हय, हाय की जित्ता," म्हणून परत आत गेली. आत गेल्यावर बराच वेळ थाप ऐकू आली नाही. ती रडत असणार, पण मी विचारलं नाही.

वैशाखात अक्काच्या पुतणीचं लग्न निघालं आणि ती दहा दिवसांसाठी दुधनीला गेली. चूल थंड. पहिल्या दिवशी टोपी घातली तर पंजा ढिम्म. दहातून एकदा उघडला, तोही मी काही मनात आणलेलं नसताना. वाटलं, घाम. हे म्हणाले, घाम नव्हे, कूलरची मोटर. मोटरच्या विजेनं गोंधळ होतो हे मॅडमनं एकदा सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. मग कूलर बंद. सोलापुरात, मे महिन्यात, दुपारी खिडक्या लावून, डोक्यावर रबरी टोपी घालून आम्ही नवरा-बायको बसलेलो. यंत्राला काही फरक पडला नाही, पण यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि मला टोपीसकट उठून त्यांना साखर-मीठ-पाणी द्यावं लागलं. डाव्या हातानं ढवळलं.

तिसऱ्या दिवशी मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. "काका, काही खोलू नका." यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर आधीच होता, तो त्यांनी पाठीमागं लपवला.

आठव्या दिवशी ती स्वतः आली. टिकल्या बदलल्या, वायर बदलली, जेल नवीन. मग शेवटचा उपाय म्हणून यंत्राला परत सगळं पहिल्यापासून शिकवलं, या खेपेला अगदी शांततेत. मी हात उघडण्याचा विचार करत राहिले. वर्तुळ पांढरंच राहिलं, म्हणून शेवटी यंत्रात जुनीच शिकवण परत घातली. मॅडम सावकाश म्हणाली की असं होतं, महिने गेले की डोकं बदलतं, यंत्राला आठवत असलेलं जुनं होतं, हेच तर आपल्याला पाहायचं होतं. बोलली चांगलं, पण वहीत लिहिताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

त्या दुपारी मी भिंतीकडं तोंड करून पडले. मला यंत्राची काळजी नव्हती. मला वाटलं, मीच विझत चाललेय. परत झटका आला असेल, झोपेत, कुणाला न कळता. हलायला लागलेला अंगठा मी दर पाच मिनिटांनी हलवून बघत होते, आणि दर वेळी आधीपेक्षा कमी हललाय असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम सामान आवरता आवरता म्हणाली, जायच्या आधी एकदा बघू. मी टोपी घातली ती तिच्या समाधानासाठी. तेवढ्यात दारात अक्का. दोन दिवस आधीच आलेली. हातात लग्नाच्या बुंदीची पिशवी, तोंडानं दुधनीच्या उन्हाला शिव्या. "भाकरीचं गिराईक फोन करून करून जीव खायलंय," म्हणाली, पिशवी माझ्या खाटेवर टाकली, हातपाय धुतले आणि थेट आत. पीठ मळल्याचा आवाज आला, मग उंडा परातीत पडला, आणि थाप सुरू झाली.

पंजा उघडला.

मॅडम वळली. पंजा मिटला, परत उघडला. परत. तिनं वायर चाचपली. आतून अक्का तवा उतरवायला थांबली, तसा पंजाही थांबला. मॅडम वायरच्या मागे लागलेली होती, तिला काही उमगलं नव्हतं. मला मात्र सगळं उमगलं होतं, आणि माझे कान तापले.

"मॅडम," मी म्हटलं, "वायर सोडा. मी लबाडी केलीय."

सगळं सांगितलं. तिनं स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. "चालू द्या असं मीच म्हटलं होतं, काकू." मग ती कामाला लागली. मला पाठमोरी बसवलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून अक्काला खुणा करू लागली: थाप, थांब, थाप. अक्का सांगितल्याप्रमाणे वागली, हे मी बावीस वर्षांत पहिल्यांदा अनुभवलं. ती थापेल तेव्हा यंत्र चाले, थांबेल तेव्हा बसे. शेवटी अक्का पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "यव्वा, मी काय मशीनचा सेल हाय?" हे इतके हसले की त्यांना परत साखर-पाणी द्यायची वेळ आली.

मॅडमही हसली, मग खाली माझ्याजवळ बसली. "यंत्र बिघडलेलं नाही. ते फार प्रामाणिक आहे, शिकवलं तेवढंच ओळखतं. आपण शिकवलं तेव्हा तुमच्या डोक्यात तुम्ही एकट्या नव्हता." पुढं म्हणाली, "पण दिवाळीला यंत्र जाणार. तेव्हा हात अक्कांच्या आवाजाशिवाय चालला पाहिजे. नाहीतर वर्षभर आपण केलं काय?"

"म्हणजे माझा हात अक्काचा मिंधा?" मी चिडून विचारलं.

"सध्या तरी," ती म्हणाली. मला तिचा राग आला नाही. खरं बोलणारं माणूस मला आवडतं.

यावर तिनं काढलेला उपाय असा, की अक्काला हळूहळू वजा करायचं. आधी मोबाईलवर थाप भरून घेतली. ती दोन दिवस चालली, तिसऱ्या दिवशी माझं डोकं कंटाळलं. मोबाईलमधली अक्का माझ्यासाठी थांबत नव्हती, चिडत नव्हती, तिला उत्तर काय द्यायचं? मग खरीच अक्का. पहिले पंधरा दिवस नेहमीसारखी थाप. मग स्वयंपाकघराचं दार लोटून. मग मागच्या अंगणात परात नेऊन, पत्र्याच्या सावलीत. आणि मग मधेमधे थांबायचं, आणि ती थांबली तरी मी चालू राहायचं.

हे शेवटचं अक्काला भलतंच आवडलं. चार थापा द्यायची आणि पाचवीला गप्प. पंजा उघडला नाही की अंगणातून हाक यायची, "तंगी, झोपलीस काय गं?" मी इकडून शिवी द्यायची. एकदा तर ती न सांगता शेजारणीकडं जाऊन बसली आणि वीस मिनिटांनी आली. मी घामाघूम. "किती येळा उगडला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तीनदा. "मी नसताना तीनदा? मग मी कशाला हाय हितं," म्हणाली, आणि तोंड फिरवून हसली. श्रावणात दहातून पाचदा झालं, गणपतीत सहादा. मधे एक आठवडा पार दोनवर घसरलं, तेव्हा मी टोपी फेकून दिली होती. ह्यांनी ती झेलली, पुसली, आणि म्हणाले, "यात्रेला आठ होते ते उसने होते. हे दोन तुझे हायत." चाळीस वर्षांच्या संसारात त्यांचं इतकं शहाणं बोलणं मी फारसं ऐकलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात मॅडम यंत्र न्यायला आली. शेवटची तपासणी झाली. टोपी उतरली, पंजा निघाला, सगळं काळ्या पेटीत गेलं. पेटीला कड्या लागल्या तेव्हा घरातलं माणूस गावाला निघाल्यासारखं वाटलं, आणि मी तिला म्हणजे पेटीला चक्क हळदकुंकू लावलं. मॅडमनं लावू दिलं. जाताना तिनं विचारलं, "काकू, आता पहिलं काय करणार?"

"डोक्याला तेल लावणार," मी म्हटलं, आणि लावलं. अक्कानंच चोळलं, वाटीभर, डोळ्यांत ओघळेपर्यंत.

मग ती म्हणाली, "ये. बस."

माझी परात मांडलेली होती. त्या दिवशी ती कोरडी नव्हती, मधोमध पिठाचा उंडा ठेवलेला होता. ह्यांनी मला धरून पाटावर बसवलं. मॅडम जायची ती पेटी हातात घेऊन दारातच उभी राहिली. उजवा हात मी डाव्या हातानं उचलला आणि उंड्यावर ठेवला. बोटं निम्मी उघडली. अक्कानं समोरून थाप घातली. मी घातली. तिची, माझी. माझी थाप म्हणजे नुसता तळवा टेकवायचा, पण टेकत होता. भाकरी एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला चिरलेली, कर्नाटकच्या नकाशासारखी काहीतरी होत होती. लाज वाटून मी मान खाली घातली, फक्त पिठाकडं बघत राहिले आणि थापता थापता कडेची चीर बुजवायच्या नादी लागले.

बऱ्याच वेळानं घाम पुसायला मान वर केली. अक्का माझ्याकडंच बघत होती. तिची भाकरी कधीच तव्यावर गेलेली होती आणि दोन्ही हात मांडीवर होते. थापण्याचा आवाज इतका वेळ येतच होता.